जुन्या सर्व्हर बोर्डाला रॅम दिसत नाही? दोष कुठे आहे ते असं शोधा

वापरलेला सर्व्हर मदरबोर्ड हातात येतो, प्रोसेसर बसतो, सोळा-सोळा जीबीच्या आठ स्टिक लागतात आणि बायोसमध्ये १२८ऐवजी ९६ जीबी दिसते. कधी काहीच दिसत नाही, नुसते पंखे जोरात फिरत राहतात. अशा वेळी नवीन माणूस सगळ्या स्टिक काढून पुन्हा लावतो, जागा बदलतो, मग पुन्हा बदलतो. तासाभराने कुठली स्टिक कुठे होती हेही आठवत नाही आणि बोर्ड खराब निघाला असं ठरवून तो बाजूला ठेवला जातो. यातले बरेच बोर्ड चांगले असतात, म्हणून हा लेख.

एक नियम सुरुवातीलाच पक्का करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहून ठेवायची. कागदावर स्लॉटांचा आराखडा काढा आणि प्रत्येक स्टिकवर चिकटपट्टी लावून नंबर घाला. रॅमचा दोष कशाबरोबर फिरतो हे कळलं की तो सापडलाच म्हणून समजा, आणि ते कळण्यासाठी नोंद लागतेच.

"दिसत नाही" याचे तीन अर्थ

बोर्ड चालू झाल्यावर रॅमचं काम तीन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात बोर्ड प्रत्येक स्टिकवरची एक छोटी चिप वाचतो. तिला एसपीडी म्हणतात. क्षमता, प्रकार, वेग, रँक (एकदम वाचल्या जाणाऱ्या, मिळून ६४ बिट देणाऱ्या चिपांचा गट) अशी स्टिकची सगळी ओळख त्या चिपमध्ये साठवलेली असते. ती वाचता आली नाही तर बोर्डाच्या लेखी तो स्लॉट रिकामा.

दुसऱ्या टप्प्याला ट्रेनिंग म्हणतात. प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या प्रत्येक तारेवरचा संकेत नेमका कधी वाचायचा, याची जुळवणी इथे होते. ओळख पटली पण जुळवणी फसली, तर स्टिक नोंदीत दिसते पण बंद केलेली असते किंवा तिच्यावर चूक नोंदवलेली असते. तिसऱ्या टप्प्यात जुळलेली रॅम वापरात घेतली जाते. एखादी सेटिंग आडवी आली तर सगळ्या स्टिक धडधाकट असूनही एकूण आकडा अर्धा दिसतो.

तुमची अडचण यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवा. बायोसच्या मेमरीच्या पानावर स्लॉट रिकामा दाखवलाय की "बंद" असं लिहिलंय, एवढ्या फरकानेही शोधाची दिशा बदलते.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर मदरबोर्डावर नसतो, तो प्रोसेसरच्या आत असतो. एएमडीने ऑप्टेरॉनपासून, म्हणजे २००३पासून, आणि इंटेलने नेहेलेमपासून, म्हणजे २००८पासून, तो आत घेतला. त्यामुळे स्लॉटपासून निघालेल्या तारा सॉकेटमधल्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेतल्या, पिनांमधून थेट प्रोसेसरमध्ये जातात. स्लॉट मेला असं आपण म्हणतो तेव्हा खरं दुखणं बहुतेक वेळा सॉकेटात असतं. दोन सॉकेटच्या बोर्डावर एकच प्रोसेसर लावला असेल, तर दुसऱ्या सॉकेटच्या वाट्याचे सगळे स्लॉट बंदच राहणार. तो दोष नव्हे.

वीज देण्याआधी लेबल वाचा

सर्वांत जास्त वेळ वाचतो तो इथे. स्टिकवरच्या लेबलवर "३२ जीबी २आर×४ पीसी४-२४००टी-आर" अशा धर्तीची ओळ असते. पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४. पीसी३एल असेल तर ती १.५ऐवजी १.३५ व्होल्टवर चालू शकणारी डीडीआर३. डीडीआर४ला १.२ व्होल्ट लागतात. डीडीआर४च्या लेबलवर वेग सरळ लिहिलेला असतो, पण डीडीआर३च्या लेबलवर १२८०० सारखा आकडा येतो. त्याला आठने भागा, १६०० मिळतात, तो वेग.

आता शेवटचं अक्षर. आर म्हणजे रजिस्टर्ड, म्हणजे आदेशांचे संकेत सावरणारी रजिस्टर चिप असलेली, बोलताना आरडिम. एल म्हणजे एलआरडिम, तिच्यात डेटाचे संकेतही सावरले जातात. ई म्हणजे ईसीसी (चूक दुरुस्त करण्याची सोय) असलेली पण रजिस्टर नसलेली यूडिम आणि यू म्हणजे साधी डेस्कटॉपची. हे प्रकार एका बोर्डावर एकत्र चालत नाहीत. एका एलआरडिममुळे सात चांगल्या आरडिम अडून बसतात आणि बोर्ड चालूच होत नाही. इंटेलच्या झिऑन या सर्व्हर प्रोसेसरांपैकी ई५-२६००च्या व्ही३ आणि व्ही४ पिढ्यांना आरडिम किंवा एलआरडिम लागते. उलट झिऑन ई३सारख्या लहान सर्व्हर प्रोसेसरना यूडिमच लागते, तिथे आरडिम कितीही स्वस्त मिळाली तरी उपयोग नाही. लेबल निघून गेलं असेल तर स्टिक उलटसुलट करून पाहा. मधोमध एक वेगळी, चौकोनी चिप दिसली तर ती रजिस्टर. डीडीआर४मध्ये त्याशिवाय खालच्या सोनेरी कडेजवळ लहान चिपांची रांग दिसली तर ती एलआरडिम.

"२आर×४"चा अर्थ दोन रँक आणि चार बिट रुंदीच्या चिपा. यातून एक हिशोब निघतो. तो मला फार उशिरा कळला, तुम्ही आत्ताच शिकून घ्या. ६४ला चिपेच्या रुंदीने भागा आणि रँकने गुणा, की डेटाच्या चिपांची संख्या मिळते. वरच्या स्टिकमध्ये ६४ भागिले ४ म्हणजे १६, गुणिले २ म्हणजे ३२. बत्तीस जीबी बत्तीस चिपांत, म्हणजे प्रत्येक चिप एक जीबीची, म्हणजेच ८ गिगाबिटची. आता ६४ जीबीची २आर×४ घ्या. तितक्याच बत्तीस चिपा, म्हणजे प्रत्येक चिप १६ गिगाबिटची. झिऑन ई५ व्ही३ आणि व्ही४, तसेच झिऑन स्केलेबलची पहिली पिढी, १६ गिगाबिटच्या चिपांसाठी बनवलेली नाहीत. ती स्टिक डीडीआर४ आहे, आरडिम आहे, स्लॉटमध्ये अलगद बसते, आणि तरीही चालत नाही. त्याच ६४ जीबीची चार रँकची एलआरडिम मात्र याच प्रोसेसरवर चालते, कारण तिथे ६४ डेटा-चिपा असतात आणि प्रत्येक ८ गिगाबिटचीच राहते. झिऑन स्केलेबलच्या दुसऱ्या पिढीपासून १६ गिगाबिटच्या चिपा चालतात. वापरलेली मोठी रॅम घेण्याआधी हा हिशोब कराच. विकणाऱ्यालाही तो बरेचदा ठाऊक नसतो.

रँकचीही मर्यादा असते. डीडीआर३च्या काळातल्या झिऑन ई५-२६००वर एका चॅनेलला (प्रोसेसरपासून स्लॉटांच्या एका गटाकडे जाणारी तारांची वाट) जास्तीत जास्त आठ रँक चालतात. म्हणून चार रँकच्या आरडिम एका चॅनेलवर दोनच लावता येतात, तिसरा स्लॉट रिकामा ठेवावा लागतो.

वापरलेल्या मालात अजून एक फसगत होते. इंटेलच्या ऑप्टेन पर्सिस्टंट मेमरीच्या (वीज गेली तरी डेटा टिकवणाऱ्या) स्टिक डीडीआर४च्याच स्लॉटात बसतात, १२८ जीबीपासून पुढच्या आकाराच्या असतात आणि रॅम म्हणून स्वस्तात विकल्या जातात. ती रॅम नव्हे. तिला झिऑन स्केलेबलची दुसरी किंवा तिसरी पिढी, तिला ओळखणारा बोर्ड आणि शेजारी साधी रॅमही लागते.

स्लॉटचा क्रम

बोर्डाची पुस्तिका उतरवून घ्या आणि रॅम भरण्याचा तक्ता असलेलं पान उघडून समोर ठेवा. अंदाजाने भरू नका. इंटेलच्या बहुतेक सर्व्हर बोर्डांवर प्रत्येक चॅनेलचा पहिला स्लॉट प्रोसेसरपासून सर्वांत लांबचा असतो आणि त्याचा रंग वेगळा असतो. आधी तो भरायचा. दुसरा स्लॉट आधी भरला तर काही बोर्ड ती स्टिक पाहतच नाहीत. वेगळ्या क्षमतेच्या स्टिक मिसळायच्या असतील तर जास्त रँकची पहिल्या स्लॉटमध्ये घाला. एकाच चॅनेलवर ×४ आणि ×८ मिसळणं मी टाळतो. काही बोर्ड ते चालवून घेतात, पण दोष शोधत असताना शंकेला आणखी एक जागा कशाला द्यायची?

सॉकेट तपासा

वीज पूर्ण काढा. फक्त बंद करू नका, केबलच उपसा आणि बोर्डावरचा छोटा दिवा विझेपर्यंत थांबा. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा.

इंटेलचे एलजीए २०११ आणि ३६४७, एएमडीचा एसपी३, या सगळ्या सॉकेटांत पिना बोर्डाकडच्या बाजूला असतात. इंटेलच्या नावांतला आकडा म्हणजे पिनांची संख्या. एसपी३मध्ये त्या ४०९४ आहेत. एक जरी वाकली तरी एखादं चॅनेल गायब होऊ शकतं. टॉर्च तिरका धरा. सरळ पिनांच्या ओळी सारख्या चमकतात आणि वाकलेली पिन त्या चमकेत खड्यासारखी वेगळी दिसते. दोन-तीन दिशांनी प्रकाश टाकून फोनने फोटो काढा आणि मोठे करून पाहा. डोळ्यांना चुकलेलं फोटोत सापडतं. पिन सरळ करायची तर बारीक सुई किंवा शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक वापरा. भिंगाखाली, अगदी थोडं-थोडं. घाई केली तर पिन तुटते.

सॉकेटमध्ये थर्मल पेस्ट गेली असेल तर कापडाने पुसू नका, धागे पिनांत अडकतात. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, मग पूर्ण सुकू द्या. प्रोसेसरच्या खालच्या सोनेरी ठिपक्यांकडेही बघा. माझ्या पहिल्या दोन-सॉकेटच्या बोर्डावर दुसऱ्या प्रोसेसरचं एक चॅनेल दिसत नव्हतं. मी दोन दिवस स्टिक बदलत राहिलो. शेवटी प्रोसेसर उलटा केला तर एका कोपऱ्यात पेस्टचा नखाएवढा डाग. पुसला आणि बत्तीस जीबी परत आली. तेव्हापासून स्टिकना हात लावण्याआधी मी प्रोसेसर उलटा करून पाहतो.

प्रोसेसरवरचा दाबही महत्त्वाचा. एलजीए ३६४७मध्ये प्रोसेसर दाबून धरण्याचं काम हीटसिंकच करतं. त्याचे स्क्रू सैल राहिले तर चॅनेल जातात. एएमडीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरच्या एसपी३ सॉकेटवर तीन स्क्रू आहेत, त्यांच्यावर १, २, ३ असे आकडे असतात. त्याच क्रमाने आवळायचे, सुमारे १.६ न्यूटन-मीटरपर्यंत. त्यासाठी ठरावीक जोर लावणारा स्क्रूड्रायव्हर मिळतो, तो घ्या. एसपी३च्या एपिकवर आठ चॅनेल असतात आणि त्यातलं एखाद-दुसरं दिसत नसेल, तर प्रोसेसर काढून नीट बसवून पुन्हा आवळणं हा माझा पहिला उपाय असतो.

रॅमचे सोनेरी संपर्कही अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर वापरू नका, तो सोन्याचा पातळ मुलामा घासतो आणि त्याचा चुरा स्लॉटात पडतो. स्लॉटमध्ये हवा मारा. स्टिक बसवताना दोन्ही टोकांचा खटका ऐकू आलाच पाहिजे. डीडीआर४ची एक बाजू अर्धवट बसलेली सहज लक्षात येत नाही. शेवटी प्रोसेसरला वीज देणारे आठ पिनांचे सगळे कनेक्टर लावलेत ना तेही पाहा. दुसऱ्या सॉकेटचा राहून गेला तर तो प्रोसेसर आणि त्याची रॅम दोन्ही बंद.

एकाच स्टिकने सुरुवात

एक प्रोसेसर, पुस्तिकेत पहिला सांगितलेला स्लॉट, एक स्टिक. बायोसची साठवलेली सेटिंग पुसा: वीज काढून बोर्डावरचा त्यासाठीचा जंपर जोडा किंवा गोल बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा. जुन्या मालकाने काय-काय बदललंय ते तुम्हाला ठाऊक नाही. काही बोर्ड तर एकदा चुकलेला स्लॉट लक्षात ठेवून कायमचा बंद ठेवतात, मग त्यात नवी चांगली स्टिक घातली तरी ती दिसत नाही.

वीज जोडल्यावर लगेच बटण दाबू नका. सर्व्हर बोर्डावर बीएमसी नावाचा एक वेगळा छोटा संगणक असतो, तो स्वतः उठायला एक-दोन मिनिटं घेतो. बटण दाबल्यावरही धीर धरा. सेटिंग पुसल्यानंतरचं पहिलं ट्रेनिंग भरपूर रॅम असेल तर कित्येक मिनिटं चालतं आणि तोवर पडदा काळा असतो. मी निदान दहा मिनिटं थांबतो. या काळात वीज तोडून पुन्हा सुरू केलं तर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून.

बोर्डावर दोन अंकी कोड दाखवणारी पट्टी असेल तर कोड लिहून घ्या. एएमआय या कंपनीच्या बायोसमध्ये ५५ म्हणजे रॅम सापडलीच नाही. इंटेलच्या स्वतःच्या सर्व्हर बोर्डांवर ई८ म्हणजे वापरण्याजोगी रॅम नाही, ईए म्हणजे ट्रेनिंग फसलं, ईबी म्हणजे चाचणीत चूक आणि ईडी म्हणजे स्टिकची मांडणी किंवा मिसळ चुकली. बाकी बोर्डांचे कोड पुस्तिकेत मिळतात.

बोर्ड उठला की बीएमसीच्या वेबपानावर जाऊन घटनांची नोंद उघडा. कुठल्या स्लॉटवर कुठली चूक आली हे तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. जुन्या मालकाच्या काळातल्या नोंदीही असतात. त्या उतरवून घ्या आणि मग नोंदवही रिकामी करा, म्हणजे पुढे येणारी प्रत्येक ओळ तुमच्या प्रयोगाची असेल. एकाच स्लॉटवर जुन्या चुकांची रांग दिसली तर तो बोर्ड का विकला गेला हेही उमगतं.

दोष कशाबरोबर फिरतो

आता त्याच स्लॉटमध्ये एक-एक करून सगळ्या स्टिक लावून पाहा. सगळ्या चालल्या तर स्टिक सुटल्या. एखादी चालली नाही तर ती दुसऱ्या चॅनेलच्या पहिल्या स्लॉटमध्ये लावून पाहा. तिथेही तेच झालं तर ती बाजूला.

मग एक खात्रीची स्टिक घेऊन स्लॉट तपासा. पहिल्या स्लॉटखेरीज इतर स्लॉट तपासताना पहिल्यात दुसरी खात्रीची स्टिक राहू द्या, कारण बहुतेक बोर्ड पहिला स्लॉट रिकामा ठेवून नीट उठत नाहीत. एका चॅनेलचे सगळे स्लॉट एकदम गेले असतील तर स्लॉटवरचा संशय सोडा. एवढे स्लॉट एकाच वेळी बिघडत नाहीत. सॉकेट, प्रोसेसर किंवा त्याच्यावरचा दाब पाहा. एका चॅनेलमधला एकच स्लॉट गेला असेल तर मात्र स्लॉटच्या आतली एखादी वाकलेली पट्टी किंवा तुटलेला सांधा शोधा.

दोन सॉकेट असतील तर प्रोसेसरची अदलाबदल करा. दोष प्रोसेसरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर मेमरी कंट्रोलर किंवा त्याचे ठिपके खराब. दोष जागचा हलला नाही तर सॉकेट किंवा बोर्ड. हे काम कष्टाचं आहे, पेस्ट पुसून पुन्हा लावावी लागते, म्हणून आधीच्या सगळ्या पायऱ्या झाल्यावरच करा.

आकडा कमी, पण स्टिक सगळ्या दिसतात

नेमकी अर्धी रॅम दिसत असेल तर बायोसमध्ये मिररिंग चालू आहे का पाहा. त्यात प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाते, म्हणून वापरायला अर्धीच उरते. रँक स्पेअरिंगमध्ये काही रँक राखीव राहतात. दोन्ही बंद करा. जुळवणी साठवून ठेवणारी फास्ट बूटची सेटिंगही शोधून बंद करा, म्हणजे प्रत्येक वेळी ट्रेनिंग नव्याने होईल. सगळं स्थिरावल्यावर ती परत चालू करता येते.

बायोसमध्ये आकडा बरोबर आणि विंडोजमध्ये कमी असेल तर रॅमचा काही संबंध नाही. विंडोज १० आणि ११ची होम आवृत्ती १२८ जीबीपर्यंतच रॅम आणि एकच प्रोसेसर-सॉकेट वापरते.

बायोसची आवृत्ती जुनी असेल तर नव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर रॅम अर्धवट ओळखली जाते. व्ही३साठीच्या बोर्डात व्ही४ लावताना हे होऊ शकतं. आवृत्ती बदलताना एक खात्रीची स्टिक ठेवा, बाकी काढा. एका वेळी एकच बदल हा नियम इथेही लागू.

चाचणी

सगळी रॅम दिसली म्हणजे ती चांगली आहे असं नाही. मेमटेस्ट८६प्लस ही रॅम तपासणारी प्रणाली ६व्या आवृत्तीपासून यूईएफआयवरही, म्हणजे नव्या धर्तीच्या बायोसवरही, चालते. निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. शेकडो जीबी असतील तर रात्रभर चालू ठेवावी लागते. मात्र ईसीसी रॅम एका बिटाची चूक वाटेतच दुरुस्त करते, त्यामुळे चाचणीच्या पडद्यावर शून्य चुका दिसत असतानाही स्टिक आजारी असू शकते. म्हणून चाचणीनंतर बीएमसीची नोंद पुन्हा उघडा. लिनक्सवर ईडॅक नावाची यंत्रणा दुरुस्त झालेल्या चुका मोजते आणि डीएमआयडीकोड नावाची आज्ञा कुठल्या स्लॉटमध्ये कुठली स्टिक आहे ते सांगते. दुरुस्त झालेली एखादी चूक आठवड्यात आली तर मी लक्ष ठेवतो. एकाच स्टिकवर त्या रोज वाढू लागल्या तर ती स्टिक काढतो, मशीन पडण्याची वाट पाहत नाही.

आणि एवढं सगळं करून एखादं चॅनेल परत आलंच नाही, तर बोर्ड टाकून देऊ नका. चारपैकी तीन चॅनेलवर तो चालतो. रॅमची पट्टारुंदी, म्हणजे एका वेळी वाहणारा डेटा, घटते, पण फाइल साठवणं, बॅकअप घेणं, लहान आभासी यंत्रं चालवणं यात फारसं जाणवत नाही. त्या चॅनेलच्या स्लॉटांवर कागदी चिकटपट्टी लावा, तिच्यावर तारीख आणि तुम्ही काय-काय तपासलं ते लिहा, आणि पुस्तिकेच्या तक्त्यावर त्या चॅनेलवर फुली मारून ठेवा.